सतरा अंश

मेचा शेवटचा आठवडा. सावदा. रात्रीचे साडेदहा,
आणि पत्र्याच्या खोलीत अजून अडतीस.
वारक्यांच्या पोरीचं लग्न बहात्तर टक्क्यांवर आलं
की मशीन बंद पडायचं.
तीनदा झालं.
तीनदा नवरीच्या हातातला हार
नवरदेवाच्या गळ्याजवळ जाऊन थांबला,
पडदा काळा, त्यात माझंच घामेजलेलं तोंड.

कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून झाली.
टेबल फॅन लावून झाला, तो नुसता
या कोपऱ्यातली झळ त्या कोपऱ्यात नेतो.
परातीत बर्फ ठेवला, त्याचं पाणी मांजर पिऊन गेली.
शेवटी मशीन गोणपाटात बांधलं, गाडीला किक मारली,
आणि थेट टेनू भंगाळेचं केळी पिकवायचं चेंबर.

“इथी केयी पिकता रे भो,” टेनू म्हणाला,
“तुह्यं लगीन नही.”
मग स्वतःच हसला, कुलूप काढलं.

आत सतरा अंश.
क्रेटवर क्रेट, हिरव्या फण्या, दमट अंधार.
एका रिकाम्या क्रेटवर मशीन ठेवलं,
वायरी दाराच्या फटीतून बाहेर, फटीत बोळे कोंबले.
टेनूला विजेचं बिल दिसत होतं, बोलला नाही.
आकडा उतरला केळीच्या भावासारखा, बघता बघता:
एक्याण्णव, सत्तर, चौपन्न.

टेनू मधून मधून आत जाऊन फण्यांना हात लावायचा.
केळीही तापते, म्हणाला, पिकताना, आतून;
गार नाही ठेवली तर
आपल्याच उबेनं काळी पडते.

पहाटे साडेचारला हार गळ्यात पडला.
टेनूनं अर्धकच्ची फणी मोडली, ती आमची पंगत.

मग माझी चूक.
बंद करून तासभर तिथंच ठेवलं, अजून निवू दे म्हणून,
आणि तसंच उचलून बाहेर आणलं.
बाहेरची हवा लागताच पत्र्याला घाम फुटला.
टॉर्च मारली: आतल्या बोर्डावरही बारीक बारीक थेंब.
वारक्यांचा फोन वाजत होता.
बटणाला हात लावला नाही.
खोलीवर आणून उघडं करून ठेवलं, दुपारपर्यंत,
आणि जन्मात पहिल्यांदा
त्या पत्र्याला म्हणालो, ताप बाबा, हवा तेवढा ताप.

आता पौष.
उत्तरेची खिडकी सताड, सातपुड्याकडचा वारा,
बाहेर आठ अंश. मशीन खिडकीत, मी गोधडीत,
बोटं अशी बधिर की माउस सापडत नाही.
आकडा एकतीस. असा थंडावा फुकट मिळतोय
आणि पौषात कुणाचं लग्न नाही.

तरी लावून बसतो.
जुनीच फाइल पुन्हा चालवतो, उगाच,
बहात्तर, त्र्याहत्तर,
पंखा जरा वेग घेतो
आणि खोलीत पिकल्या केळीचा वास येतो.