कान फाटलेली बकरी

सिव्हिल लाइन्सात, कचेरीच्या भिंतीला लागून,
निंबाखाली माझं झेरॉक्स.
एका पानाचा रुपया, पाठपोट दीड.
सतरा वर्षं झाली, मी वाचत नाही.
वाचणारा झेरॉक्सवाला लोकांना चालत नाही,
न्हाव्यानं केसांखालचे विचार पाहिल्यागत वाटते त्यांना.

मार्चात आला गोंदियाकडचा टेंभरे,
पिशवीत माहितीच्या अधिकारात सोडवून आणलेली
एकशे बारा पानं.
सोडवून, हा शब्द त्याचाच,
जसं कोंडवाड्यातून जनावर.
त्याच्या गावात हातपंप आहे म्हणे, कागदावर, फोटोसकट.
फोटोत लोखंडी दांडा, ओला चौथरा,
आणि कोपऱ्यात एक बकरी, डावा कान फाटलेला,
कॅमेऱ्याकडे अशी पाहून राहिली
जसं बिल तिच्याच नावानं निघणार आहे.

मे महिना. कूलरचं पाणी आटलेलं, यंत्र माझ्याहून तापलेलं.
कुरखेड्याकडून पारबता उईके आली,
पदराच्या गाठीत मोजून चाळीस रुपये.
म्हणाली, आमच्या टोलीवर पाणी नाही जी, फोटो आहे.
पान बाहेर आलं, तव्यावरून उतरल्यासारखं गरम,
आणि त्यातून
तीच माझ्याकडे पाहत होती.
तोच कान.

मधे दीडशे किलोमीटर जंगल,
दोन जिल्हे, दोन अभियंते, दोन शिक्के.
बकरी एवढी चालत नाही.
मी म्हणालो, बाई, थांबा जरा.
सतरा वर्षांत पहिल्यांदा
मी चष्मा पुसला.

टेंभरेचा नंबर होता, एका वाया गेलेल्या प्रतीच्या पाठीवर.
तो आला, येताना बालाघाटच्या इंदल बिसेनला घेऊन.
राज्याची हद्द ओलांडली की
लेटरहेडवरची भाषा बदलते.
बिसेननं फोटो पाहिला आणि जवळजवळ प्रेमानं म्हणाला,
"अरे, ये तो हमारी बकरी है!"

निंबाखाली दोन स्टुलं, एक टोनरचं खोकं.
एका तासात भांडण.
बिसेनला पत्रकार हवा होता,
टेंभरेला पत्रकाराचा विटाळ.
अर्जावर पहिलं नाव कोणाचं, यावर तर
तर्री-पोहे थंड झाले.
मग पारबताबाई बोलल्या, पोह्यातले चणे बाजूला करत,
"ज्याचं पाणी सगळ्यात दूर, त्याचं नाव वर."
पावलांनी मोजलेली अंतरं निघाली.
तिचं सव्वादोन किलोमीटर.
तिनं सही केली, प्रत्येक अक्षरावर थांबून,
वरच्या रेघेला मात्र थांबली नाही.
पोह्यांचे पैसे ज्याचे त्यानं दिले.

उत्तर पंचेचाळीस दिवसांनी आलं.
सदर अभिलेख आढळून येत नाही.
तोवर भंडाऱ्याचा एक मास्तर आला होता,
शिवनीच्या दोघी बहिणी,
राजनांदगावकडचा एक मुका पोरगा, ज्यानं फक्त फोटो पुढे केला.
बकरी सात ठिकाणी पाणी पीत होती
जिथं पाणी नव्हतं.
आता रविवारी बसतात. वही टेंभरेकडे,
भाड्याचे पैसे बहिणींकडे, कुलूप दोन किल्ल्यांचं.
एकमेकांवर विश्वास आहे का? विचारलं मी.
मास्तर म्हणाले, म्हणूनच दोन किल्ल्या.

माझं काय. मी प्रती काढतो. पैसे घेतो.
बकरीच्या पानाचे घेत नाही, एवढंच.

पण कचेरीच्या भिंतीला टेकलेला माणूस मी.
दर एक तारखेला आतून एक जण येतो,
दोनशे नेतो. भिंतीचे म्हणतो.
सतरा वर्षांचे किती होतात,
हे मी कधी काढलं नव्हतं. आता काढलं.
या एक तारखेला तो आला, हात पुढे.
माझ्या तोंडून निघून गेलं,
"पावती?"

त्यानं पाहिलं माझ्याकडे. बराच वेळ.
मागं यंत्र चालूच होतं,
कोणाच्या तरी गावाचं पान बाहेर येत होतं,
आणि माझा हात खिशाकडे गेलेला होता,
अर्ध्यावर.