एकदा वापरलेले

ओझरच्या शेडमधलं ते दोन सीटांचं विमान
माझ्याहून सहा वर्षांनी मोठं.
टाकीच्या झाकणापाशी पेट्रोल पाझरतं,
पंखावर निळसर डाग.

अंबडला तीन दुकानं पालथी घातली.
एकाने कुकरची रिंग पुढे केली,
वर म्हणाला, "बसेल की, ताई!"
सातपूरला पंपवाल्याकडे माप जुळलं;
रात्रभर पेट्रोलात ठेवलं,
सकाळी जिलबीसारखं फुगलेलं.

मग सिडकोत, कापडणीसांकडे.
रिटायर होऊन अकरा वर्षं झालेली.
बिस्किटाच्या डब्यातून कागदाची पुडी काढली,
वर पेन्सिलीने: एकदा वापरलेले. चांगले.
व्यापारी द्राक्षाचा मणी दाबतो
तसं दाबलं, भिंगाखाली फिरवलं.
"रबर वय लपवतं," म्हणाले,
"वाकव, म्हणजे बोलेल.
तडा दिसला तर माझी भीड धरू नकोस."

दिसला नाही.

तेलाच्या बोटाने बसवलं, पीळ पडू न देता.
टाकी भरली. झाकणाभोवती टिपकागद लावून
पाळी सुटेपर्यंत शिडीवरच बसले.
कागद कोरडा.

तरी लॉगबुकात हात अडखळला.
'नवीन'चा रकाना मोकळा सोडला,
खाली लिहिलं:
दोनदा वापरलेले.
पुढचे शोधत आहे.