त्रेचाळिसावी पायरी

या टेकडीला एकशे बासष्ट पायऱ्या आहेत
आणि बाजूने दोराने ओढला जाणारा माझा लाकडी डबा.
मी खिडकीत बसून तिकिटं फाडते.
जो पायऱ्या चढतो तो माझं गिऱ्हाईक नव्हे,
एवढं साधं गणित आहे वाल्पाराइसोचं.

तरी एक जानेवारीला आरिस्तीदेस
नवे पांढरे बूट घालून समोरून गेला.
चौतीस वर्षं बंदरात क्रेन चालवलेला माणूस,
बसल्या जागेवरून जहाजं रिकामी केलेला.
ऑगस्टात त्याची छाती उघडून शिवली होती.
"रोज वरपर्यंत, नोल्फा! रोज दोनदा!"
बूट उन्हात इतके चमकत होते
की मला सुट्टे पैसे मोजता येईनात.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
याचे तीनच भरले.
चौथ्या दिवशी खिडकीखालून नोट सरकवली
माझ्याकडे न बघता.
मीही तिकीट फाडलं त्याच्याकडे न बघता.
लाजेला खाली यायला दोर लागत नाही.

मार्चात दवाखान्यातल्या यास्नाने त्याला विचारलं म्हणे,
चांगल्या दिवशी किती, ते नका सांगू.
सगळ्यात वाईट दिवशी किती?
झोप झालेली नाही, मुलीचा फोन नाही,
गुडघा सकाळपासून कुरकुरतोय. तेव्हा?
तो बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, अकरा.
तिने कागदावर अकरा लिहिलं,
औषध लिहितात तसं.

अकरा! मला हसूच आलं.
अकराव्या पायरीवर तर
माझ्या खिडकीतला रेडिओ ऐकू येतो.
त्याने तिथे खडूने रेघ मारली.
चढला, रेघेला बूट लावला, उतरला,
आणि वर जायला माझ्याकडून तिकीट घेतलं,
ताठ मानेने, मोजून सुट्टे देऊन.

एप्रिलात तेरा.
टेकडीवरचा पिवळा कुत्रा त्याच्याबरोबर चढायचा.
रेघ पुढे सरकली तरी दोन दिवस
जुन्याच पायरीवर बसून राहायचा.
"याला माझ्यापेक्षा अक्कल आहे," आरिस्तीदेस म्हणायचा.

जूनमध्ये त्याचा भाऊ गेला.
आठ दिवस काहीच नाही.
नवव्या दिवशी तो आला
तेव्हा पावसाने रेघ धुऊन नेली होती.
त्याने खिशातून खडू काढला
आणि सातव्या पायरीवर मारली.
मागे आणलेली रेघ मारायला
हात किती घट्ट लागतो
ते मी त्या दिवशी पाहिलं.

आता पुन्हा जानेवारी आहे. त्रेचाळीस.
तिथून दोन पत्र्यांच्या फटीतून
त्याची जुनी क्रेन दिसते.
"आणि उरलेल्या एकशे एकोणीस?" मी विचारलं.
"त्या तुझ्या. तुलाही पोट आहे."

काल दोर अडकला, डबा बंद.
लोक शिव्या घालत पायऱ्या चढले.
आरिस्तीदेस त्रेचाळिसाव्या पायरीवर बसून राहिला,
दोन तास, कुत्र्याशी बोलत.
मी पाण्याची बाटली घेऊन वर गेले.
धापा टाकत म्हटलं,
"आज चढला असतास की सगळ्या!"
"चढलो असतो," तो म्हणाला,
बाटली माझ्याच हातात परत देत.
"आणि उद्या?"