भिंतीवरचा मोह

बिसन परदेशी निघाला तेव्हा पिशवीत
थापी, गुरमाळा, ओळंबा
आणि मी बांधून दिलेली लाखोळीच्या डाळीची पुरचुंडी.
पुरचुंडी विमानतळावर काढून घेतली.
ओळंबा तीन साहेबांनी आळीपाळीनं लोंबवून पाहिला.
हे काय सांगतं?
भिंत सरळ आहे का ते, हा म्हणाला.

सिस्टर फिलोमिनाच्या वसतिगृहाचं प्लास्टर यानंच केलेलं.
त्यांनीच विचारलं, चलतोस का? दीड महिना.
मजुरी नाही, जेवण आहे.
घरी येऊन म्हणाला, बेलारूस म्हणून देश आहे,
शेजारी अणुभट्टी फुटली होती,
सात साल झाले, पोरं अजून आजारी पडतात.
मी म्हटलं, आमच्या चिचटोल्यात दोनच भट्ट्या,
एक विटांची, एक मोहाची.
तिसरी आहे, म्हणाला. तिचा धूर दिसत नाही.

डॉक्टरांनी खोकी उतरवली. ब्लँकेटं, दुधाची भुकटी, सुया.
यानं पोपडे उतरवले.
बेचाळीस खाटा, खिडक्यांच्या फटीत वर्तमानपत्रं,
नळात पाणी गोठायच्या आत न्हाणीघर उभं करायचं.
तिकडची झाडं पाहून पहिल्या दिवशी याला वाटलं,
बांधकाम खात्यानं थेट शेंड्यापर्यंत चुना मारलाय.

कुंपणापासून वीस पावलांवर जंगल.
सात्या उगवल्या, तोडायच्या नाहीत.
करवंदाहून लहान लाल फळं,
पिकली तर पिकू द्यायची, गळली तर गळू द्यायची.
पोरं कुंपणाच्या जाळीत नाक खुपसून उभी.
हे सांगताना याचा हात आपोआप
आमच्या टोपल्याकडं गेला.

शेवटच्या आठवड्यात तिथल्या बाई हातवारे करून म्हणाल्या,
या भिंतीवर जंगल काढ.
याला झाड येतं एकच.
उघड्या फांद्या, टोकाशी पिवळट घोस,
आणि खाली पार फरशीपर्यंत सांडलेली फुलं.
बाईंनी विचारलं, पानं कुठं?
मागून येतात, हा मराठीत म्हणाला.

ओल्या भिंतीला रंग धरत नाही, हे तो जगाला सांगत आला,
तिथं एका पोरीचं नावच ओल्या.
तिनं खालच्या फुलावर बोट ठेवलं, मग ओठांवर.
खायचं?
यानं मान डोलावली.
आणि मग रात्रभर खाटेवर बसून राहिला.
पहाटे दुभाषी बाईला उठवलं,
तिला सांगा, हीच. भिंतीवरचीच.
बाहेर पडलेलं काही नाही.
दुभाषी बाई चपला न घालताच गेली.

परत आला त्या चैतात
मी पहाटे तीनला टोपलं घेऊन निघाले, हा टॉर्च घेऊन मागं.
खालचा पाला जाळून जागा साफ केलेली,
फुलं टपटप पडत होती.
मी अर्धं टोपलं भरलं तरी हा उभाच.
एक फूल टॉर्चसमोर धरून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.
काऊन जी, मी म्हटलं, भूत लागलं का?
काही दिसत नाही, म्हणाला.
दिसाले काय पायजे?
तो काही बोलला नाही. फूल तोंडात टाकलं,
चावत राहिला, एवढंसं फूल, किती वेळ.

ओळंबा तिकडंच विसरला.
नवीन घेतो, घेतो म्हणतो,
तोवर दोऱ्याला दगड बांधून काम चाललंय.

दोन वर्षांनी सिस्टरकडून पाकीट आलं, आत एक फोटो.
झाड तसंच. खालची फुलं मात्र पुसलेली,
साधारण तीन फुटांच्या खालची सगळी.
मी म्हटलं, ओल आली असन.
यानं फोटो दिव्याजवळ नेला.
ओल खालून चढते, म्हणाला, चढते तर सगळंच खाते.
इथं मधली जागा कोरी आहे,
फुलं तेवढी गेली.
हे हात आहेत.

मग फोटो उलटा करून
मागचं, वाचता न येणारं,
वाचत बसला.