ब्रेक सुटेपर्यंत

विनिपेग. उणे एकतीस.
विमानतळासमोरच्या हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावर,
अकरा महिन्यांचं भिजत घोंगडं
आज पुन्हा टेबलावर पसरलंय.
टिपणं घ्यायला मी. मारीझ गोद्री, सहवैमानिक,
ज्येष्ठतेच्या यादीत चारशे बारावी.

समोर कंपनीचा थोरलाक्सन. गिमलीचा.
घराणं मासेमारांचं म्हणे, आणि बसतोही तसाच,
गोठलेल्या तळ्याला भोक पाडून, गळ सोडून,
न हलता.
"मागणी रास्त आहे," तो म्हणतो, "पण पलीकडे बघा."
पलीकडे म्हणजे खिडकीबाहेर,
जिथे केशरी शेपटीचं एक विमान
दिव्याखाली वाफाळत उभं आहे.
"त्यांचे वैमानिक नऊ टक्के कमी घेतात.
टोरांटोचं तिकीट त्यांनी एकोणसाठ डॉलरवर आणलं.
मी कुठून आणू, सांगा."

ओरेस्ट वासिलेंको काही सांगत नाही.
एकदा हीच कंपनी बुडत होती तेव्हा
पगाराचा तिसरा हिस्सा त्यानं सहीनिशी सोडला.
कंपनी तरली. त्याला टायपिन मिळाली.
ती तो अजून लावतो.
का, ते मी कधी विचारलं नाही.

मग तो मनगटावरचं घड्याळ काढून
आकड्यांच्या कागदावर ठेवतो.
"हे कधी सुरू होतं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे. ब्रेक सुटला की.
त्याआधी पहाटे चारला गाडीची वायर भिंतीतून उपटणं,
हवामानाचे कागद, इंधनाचा हिशेब,
टॉर्च घेऊन पंखाखाली वाकणं,
हातमोजा काढून बर्फ चाचपणं,
आणि बाळ रडतंय त्या बाईला तिसऱ्यांदा सांगणं,
आणखी वीसच मिनिटं —
हे सगळं आम्ही हौसेनं करतो, असा समज आहे.

रात्री दीडला मध्यंतर.
बर्फाच्या मशीनजवळ उभी राहून
(या हवेत कोण नेतं बर्फ?)
मी कोलेटला फोन लावते.
माझी धाकटी बहीण. शेपटी केशरी.
पोर्टेज अव्हेन्यूवरच्या दुसऱ्या हॉटेलात
तिचीही घासाघीस चालू आहे.
"कुठवर आलं?"
"कुठवर येणार! आमचा माणूस म्हणतो, पलीकडे बघा,
ते लोक नऊ टक्के कमी घेतात."
"कोण ते लोक?"
"तू," ती म्हणते.

आई मला सांगायची, कोलेटनं सलगम संपवलं बघ.
कोलेटला सांगायची, मारीझचं ताट बघ कसं लख्ख.
दोघींच्या ताटांत सलगम तसंच, गार,
आणि दोघीही खाली मान घालून
गिळायला लागायचो.

आत येऊन मी ओरेस्टच्या कानात दोन वाक्यं सांगते.
तो हसत नाही. घड्याळ पुन्हा मनगटावर बांधतो, सावकाश,
आणि थोरलाक्सनला म्हणतो,
"तो नऊचा कागद दाखवा.
वर तारीख कुठली आहे, तेवढंच बघायचंय."
खोलीत हीटर तेवढा बोलतो.

चार दहाला सह्या झाल्या.
बारा टक्के, चार वर्षांत मिळून.
आणि ब्रेकआधीच्या अर्ध्या तासाला अर्धा पगार.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
थोरलाक्सननं आपला कोट आधी चुकीचा घेतला,
मग बदलून घेतला.

शनिवारी थंडर बे. कॅप्टन ओरेस्टच.
पंखांवरून केशरी द्रव ओघळतो, मग हिरवा,
काचेवर धुकं, मागे कुणाचं तरी बाळ.
ब्रेक अजून सुटलेला नाही
आणि घड्याळ, अर्धं का होईना, चालू आहे.
त्याची टायपिन आज दिसत नाही.
कदाचित स्कार्फखाली असेल.

शेजारच्या गेटवर केशरी शेपटी.
कोलेट आत असेल, नसेल.
तिकडे तिकीट आता चौपन्न झालंय,
तिचं घड्याळ अजून बंद आहे,
पण आमचे बारा टक्के एव्हाना तिच्या टेबलावर पोचले असतील
आणि तिचा तो माणूस
पलीकडे बघायचं
नेमकं विसरला असेल.