कारणाचा रकाना

महिनाअखेर मुख्य कचेरीतून तक्ता येतो.
हप्ता थकला असल्यास कारण:
शिक्षण, वय, घरातली खाणारी तोंडं,
कचेरीपासूनचं अंतर.
योग्य तिथे खूण करा.

जांबियानीला ओहोटी लागली की बायका पाण्यात उतरतात.
दोन खुंट, मधे दोर,
दोराला समुद्रशेवाळाचे झुबके.
दोर आधी संस्था विकत घेते,
मग त्यांना विकते, नफा तोंडावर सांगून:
वीस हजार शिलिंगचा बावीसला, दहा हप्ते.
उशीर झाला तरी आकडा फुगत नाही.
(शहरातला मेहुणा हसतो. मग फेडतं कोण?)

बी मीझे फेडते.
साठी उलटलेली, शाळा नाही, तोंडं नऊ,
अंतर एकवीस किलोमीटर.
तक्त्याच्या हिशेबानं तिनं
केव्हाच बुडवायला हवं होतं.

माकामे पंडू फेडत नाही.
शिकलेला, दुकानात फ्रीज, घर कचेरीला खेटून.
शुक्रवारी माझ्याच ओळीत नमाजाला असतो.
सलाम फिरवताना, मी ज्या बाजूला बसलेला
त्या बाजूला त्याची मान
अर्ध्यातूनच परतते.

यंदा पाणी तापलं.
शेवाळ पांढरं पडलं, हात लावला की गळायचं.
सात जणी थकल्या.
समुद्रासाठी रकाना नव्हता, मी 'इतर'वर खूण केली.

बी मीझे आली, कांग्याच्या गाठीत नाणी,
हाताला ऑक्टोपसचा वास.
म्हटलं, बी, अडलेल्याला मुदत आहे, नियमच आहे आपला.
"मुदत सुबिराला दे, ती ओली बाळंतीण.
मी थकले तर गटात बोट तिच्याकडे जाईल.
आणि तू त्या दिवशी दोर वाव-वाव मोजलास,
दोन वाव कमी भरले
ते दुकानदाराशी भांडून घेतलेस.
मी उभी होते तिथं."

मला तो दिवस आठवेना.
तो मी नव्हेच.
माझ्या आधीचा वुआई असणार, उंच,
अशीच पांढरी टोपी घालायचा.
सांगावंसं वाटलं.
पावती फाडून दिली.

गुरुवारी नव्या गटाची दोरखरेदी होती.
दुकानदार म्हणाला, मोजलेलाच आहे, घेऊन जा.
ऊन डोक्यावर, मोटारसायकल चालूच.
मी ती बंद केली.
म्हटलं, उलगड.