म्हातारा

ऑगस्टात आणली तेव्हा तिचं पोट
जंतांनी टम्म फुगलेलं, पायांच्या काड्या,
शेल्टरच्या कागदावर नाव : प्रिन्सेस.
ब्रिजित आत्या दारातूनच म्हणाली,
‘प्रिन्सेस कसली, ही तर तेलात सोडलेली फुगी.’
जंत गेले, पोट बसलं, नाव राहिलं.

आंब्याच्या रिकाम्या पेटीत
पप्पांचा तपकिरी स्वेटर अंथरला.
द्यायचा होताच कुणालातरी, पण देववत नव्हता;
हिला दिला म्हणजे घरातच राहिला,
असा माझा हिशोब.
पप्पा जाऊन चार महिने झाले होते.
तिनं त्यांना पाहिलेलंच नाही.

डिसेंबर लागला तशा चरईच्या गल्लीत
खिडक्याखिडक्यांतून चांदण्या लोंबू लागल्या.
माझी मागच्या वर्षीचीच, एक कोपरा दुमडलेला,
हिच्या डाव्या कानासारखा.
गोठ्यासाठी थाळीत नाचणी पेरली.
बोटभर हिरवळ आली त्याच दिवशी
क्लिनिकमधून परतते तर थाळी साफ,
आणि ही सोफ्याखाली, मिशांना माती.
एक मेंढपाळही गायब.
तो चार दिवसांनी स्वेटरच्या बाहीत सापडला,
बिनडोक्याचा, पण जपून ठेवलेला.
तसाच उभा केला त्याला, मागच्या रांगेत.
बाळ येशूला भेटायला डोकं लागतंच असं नाही.

चोवीसच्या रात्री तलावपाळीच्या चर्चमध्ये
फादर शांतीबद्दल बोलत होते.
मला ऐकू येत होता
पाऊण किलोमीटरवरून, चप्पल चावल्याचा आवाज.
ख्रिस्तप्रसाद घेतला आणि तडक निघाले.
चपला शाबूत होत्या.
ती दाराच्या फटीला नाक लावून बसलेली,
फरशीवर श्वासाचा ओला गोल.

सत्तावीसला इव्हान, रोवेना आणि पाटणकरांचा ओम दारात :
‘मावशी, म्हाताऱ्यासाठी जुने कपडे?’
एकतीसला जाळतात तो म्हातारा. सरतं वर्ष.
लहानपणी मीही गवत कोंबलंय त्याच्या पोटात.
कपाट उघडलं. चौकड्यांचा शर्ट,
वागळे इस्टेटच्या कंपनीतली निळी पॅन्ट.
घ्या, म्हटलं.
आवाज बरा निघाला.

एकतीसला रात्री, गल्लीच्या तोंडाशी,
प्लास्टिकच्या खुर्चीत म्हातारा बसलेला.
मडक्याचं डोकं, स्केचपेनची मिशी,
गवताचे पंजे मांडीवर.
फटाक्यांच्या आत हिची शू उरकून घ्यावी
म्हणून घाईनं खाली उतरले होते.

तिनं लांबूनच नाक वर केलं.
मग पट्टा असा खेचला की हातातून सुटला.
आधी पॅन्टचे पाय हुंगले, सावकाश,
मग पुढचे दोन पंजे त्याच्या गुडघ्यावर,
आणि शेपूट. शेपूट कसली,
अख्खं अंगच हलत होतं तिच्यामागून.
पाच महिने ज्याच्या कुशीत झोपली
तो माणूस एकदाचा आला होता.
तिला एवढंच विचारायचं होतं,
इतका उशीर?

पोरं हसली. मग कुणी हसेना.
इव्हानच्या हातात काडेपेटी, अकरा अठ्ठावन्न.
ओम म्हणाला, ‘मावशी, शर्ट काढून घेऊ?’
मी म्हटलं, राहू दे.
मग म्हटलं, काढ.
त्यानं बटणं सोडली, एकेक,
आजारी माणसाची सोडावीत तशी.

बारा वाजले. उघड्या गवताचा म्हातारा
भर्रकन पेटला. शिट्ट्या, माळा, हॅपी न्यू इयर.
फुगी माझ्या शालीत लटपट कापत,
दातांत शर्टाची बाही घट्ट.

पॅन्ट जळत आली तेव्हा आठवलं,
खिसे बघायचे राहिले.